जोडीचा खेळ

बार्शी म्हटलं की भगवंताचं मंदिर आठवतं, ज्वारी-तुरीची बाजारपेठ आठवते. टेनिस काही चटकन आठवत नाही. पण आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या याच बार्शीची प्रार्थना ठोंबरे 2014 साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाच्या साथीनं महिला दुहेरीत उतरली आणि कांस्यपदक घेऊन आली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. दोन वर्षांनी हीच जोडी रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली.

‘सानियाची जोडीदार’ ही तिची तेव्हाची ओळख. ती सांगताना ‘नशीब काढलं हो पोरीनं’ असा एक सूर हमखास लागायचा. दुहेरी म्हणजे काय, हे नीट ठाऊक नसलं की असा सूर लागतो.

दुहेरीत एक जण सर्व्हिस करते, दुसरी नेटजवळ उभी असते, जोडीदाराकडे पाठ करून. सर्व्हिसच्या आधी ती हात पाठीमागे नेते आणि बोटांनी खूण करते: मी आडवी धावणार, किंवा जागेवरच थांबणार. चेंडू सुटल्यावर मागं वळून बघायला सवड नसते. ती धावली की तिची मोकळी पडलेली बाजू मागचीनं सांभाळायची. एक जण खूण विसरली, की गुण गेलाच. आणि कधी नेटवरचीच्या नुसत्या हालचालीनं बिचकून समोरची चेंडू बाहेर घालवते. रॅकेटला चेंडू लागलेलाही नसतो, तरी तो गुण नेटवरचीनंच मिळवलेला असतो. प्रेक्षक मात्र टाळ्या सर्व्हिस करणारीला देतात.

रिओत प्रार्थनाच्या शेजारी उभी होती ती दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर असलेली सानिया. अशा वेळी समोरची जोडी कुणावर मारा करणार, हे सांगायला नको. समोर होत्या चीनच्या झांग शुआई आणि पेंग शुआई. त्यातली पेंग स्वतः दुहेरीत अव्वल क्रमांकावर राहून आलेली, विंबल्डन जिंकलेली. आपली जोडी पहिल्याच फेरीत हरली. पण 6-7, 7-5, 5-7 अशी. जोडीतली एक बाजू लंगडी असती, तर सामना तिसऱ्या सेटच्या बाराव्या गेमपर्यंत गेलाच नसता.

दुहेरी ही काही दुय्यम वाट नाही. सानियानं स्वतः दुखापतींनी हैराण होऊन 2013 मध्ये एकेरी सोडली आणि दुहेरीत ती जगात पहिली आली. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीत उतरली. अंतिम सामन्यात पहिला सेट 2-6 असा गेला, पण पुढे 6-3 आणि निर्णायक टायब्रेकमध्ये 10-4 अशी बाजी मारून तिनं सुवर्णपदक मिळवलं. तिचा जोडीदार रोहन बोपण्णा 43 वर्षांचा होता. पुढच्याच जानेवारीत तो दुहेरीत जगातला पहिला खेळाडू झाला. आणि प्रार्थना? 2025 च्या एप्रिलमध्ये पुण्यात बिली जीन किंग कपमध्ये ती अंकिता रैनाच्या साथीनं भारतासाठी दुहेरी खेळत होती. इंचॉनला दहा वर्षं उलटून गेली होती.

आपल्याकडे मुलगी मैदानात गेली, की घरचे पहिला प्रश्न विचारतात, ‘कितवी आलीस?’ खेळातला आणि आयुष्यातला यशाचा हिशेब आपण एकटीच्या नावावर मांडतो. दुहेरी खेळणारी मुलगी वेगळं काही शिकत असते. आपल्या चुकीचा भुर्दंड दुसरीला पडतो, हे तिला ठाऊक असतं. जोडीदाराचा फटका नेटमध्ये अडकला, तरी कपाळाला आठी न घालता पुढच्या गुणासाठी तिच्या हातावर टाळी द्यायची, हेही तिच्या अंगवळणी पडतं. पुढे नोकरीत, संसारात, गावच्या कामात हाच गुण लागतो. आणि तो नुसत्या उपदेशानं येत नाही.

अलीकडे सोलापुरातही महिलांच्या आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा होऊ लागल्या आहेत. पुढच्या खेपेला मुलींना घेऊन जा. एकेरीची अंतिम लढत बघाच, पण दुहेरीचा सामना सुरू असताना उठू नका. आणि चेंडू मारणारीपेक्षा, न मारणारीकडे जरा जास्त लक्ष द्या.