घरी परतल्यावरचा ताप



हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांतून सुरू होतो, हे १९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथे दिसून आले. कॅथेटर अ‍ॅब्लेशनमध्ये मांडीच्या शिरेतून नळी नेऊन त्या शिरांच्या तोंडाशी डाग देतात. तेथेच मागे अन्ननलिका असते. क्वचित तिला इजा होऊन पुढील दोन महिन्यांत छिद्र पडू शकते.

म्हणून या काळात ताप आला, गिळताना दुखले, तर सानगडीत गोळ्या घेत थांबू नका. अ‍ॅब्लेशन केलेल्या डॉक्टरांना कळवा, नागपूर गाठा. तेथे छातीचा सीटी स्कॅन करतात. तो निर्दोष निघूनही त्रास राहिल्यास पुन्हा करतात. घशातून दुर्बीण मात्र घालू नये. हवा मेंदूत जाण्याचा धोका असतो.

पासबुकासारखा डिस्चार्जचा कागद जपा, प्रत्येक डॉक्टरांना दाखवा.