लेकीशी बोललात का?

बारावीनंतर आपल्या मुली शिकायला शहरात जातात. पिशवीत आपण चिवडा भरतो, लोणचं भरतो आणि म्हणतो, "जपून राहा गं." पण जपायचं म्हणजे नेमकं काय, हे सांगायला जीभ रेटत नाही.

मग पाळी चुकली की पोर घाबरते. मेडिकलमधून गर्भपाताची गोळी आणून खोलीत एकटीच घेते. हे जिवावर बेतू शकतं. गर्भ पिशवीत नसून नळीत असेल, तर त्या गोळीने तो पडत नाही. नळी फुटते, पोटात रक्तस्राव होतो. म्हणून डॉक्टरांनी तपासल्याशिवाय ही गोळी घ्यायची नाही.

दुसरी एक गोळी असते, संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची. जितकी लवकर, तितकी उपयोगी. ती गर्भ पाडत नाही, राहू देत नाही. पण ती रोजची नव्हे आणि तिने रोगाची लागण टळत नाही. दोन्ही टाळायला निरोधच हवा.

कायदाही सांगा. मुलीला 18 वर्षं पूर्ण असतील, तर गर्भपातासाठी फक्त तिचीच संमती लागते. कायद्याने दिलेल्या मुदतीत हा हक्क लग्न न झालेल्या बाईलाही आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली स्पष्ट केलं. डॉक्टरांनी तिचं नाव गुप्त ठेवायचं असतं.

मुलाशीही बोला. समोरची "नाही" म्हणाली की थांबायचं, हे त्याला घरातच कळू दे.

र. धों. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून त्यांना नोकरी सोडावी लागली. तरी मागे हटले नाहीत. 1927 पासून अखेरपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. तेव्हापासून किती पिढ्या गेल्या, आणि आपण अजून चुलीपाशीसुद्धा हा विषय काढत नाही!

तेव्हा बचत गटाच्या पुढच्या बैठकीला आशाताईंना किंवा नर्सबाईंना बोलवा. कॉलेजच्या मुलींनाही बसवा. विचारू द्या त्यांना, हसू नका. आणि लेक एसटीत बसण्याआधी एवढं नक्की म्हणा, "काहीही झालं तरी पहिला फोन मला कर. मी आधी तुला दवाखान्यात नेईन, बाकीचं नंतर बोलू."