देणगी मागायचं कौशल्य आपल्याकडे आहेच



विद्यापीठासाठी निधी गोळा करायला माणूस हवा असला, की जाहिरातीत ठरलेली ओळ येते : 'या कामाचा पाच वर्षांचा अनुभव आवश्यक.' आमच्या निवड समितीनेही पूर्वी तेच लिहिलं. अर्ज मोजकेच आले. निवड झाली, पहिल्या वर्षी देणग्याही आल्या. पण पावती दिल्यावर देणगीदारांची विचारपूस कुणी केली नाही. दुसऱ्या वर्षी बरेच जण परत आले नाहीत. चूक आमची होती. आम्ही पदाचं नाव पाहिलं, काम पाहिलं नाही.

काम काय असतं? समोरच्याचं ऐकून घ्यायचं, न लाजता रक्कम सांगायची, नकार पचवायचा, हिशेब चोख द्यायचा आणि नातं टिकवायचं. बचत गटाची सचिव, विमा एजंट, शिक्षिका, परिचारिका यातलं बरंच काही रोज करतात.

पार्वतीबाई आठवले आठवा. विसाव्या वर्षी वैधव्य आलं, तेव्हा त्यांना लिहितावाचताही येत नव्हतं. पुढे त्या शिकल्या आणि महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या. १९१८ साली अमेरिकेला गेल्या, तिथे घरकाम करून राहिल्या. त्यांच्याकडे अनुभवाचा कुठला दाखला होता?

म्हणून आता मुलाखतीत आम्ही विचारतो, "नाही म्हणणारं माणूस तुम्ही कसं वळवलंत? एक प्रसंग सांगा." उत्तरातून माणूस कळतो.

अर्थात सगळंच आयतं येत नाही. विक्रीची सवय असलेल्यांना घाई असते. मोठी देणगी ठरायला मात्र महिनोन्‌महिने लागतात. करसवलतीचे नियम, कंपन्यांच्या सामाजिक निधीचे प्रस्ताव, देणगीदारांच्या नोंदी हे शिकवावं लागतं. त्यासाठी संस्थेने निदान सहा महिने द्यावेत. आणि पगार ठरलेला द्यावा, देणगीवर टक्केवारी नको. नाहीतर देणगीदाराचा विश्वास उडतो.

आणि मैत्रिणींनो, अर्ज करताना 'मी फक्त गटाचे हिशेब ठेवते' असं लिहू नका. गटात सभासद किती, किती वर्षं हिशेब ठेवलात, थकलेले हप्ते कसे वसूल केलेत, ते लिहा. त्या 'फक्त'पायी चांगल्या बायकांचे अर्ज आमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत.