साखरखेर्ड्याचा विजय आणि रुपयावरील नाव



ऑक्टोबर १७२४ मध्ये वऱ्हाडातील साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला. मुबारिझखान रणात पडला, गावाला फत्तेखेर्डा हे नाव मिळाले आणि दक्षिणेचा सुभा दिल्लीच्या हाताबाहेर गेला. निजाम त्या दिवसापासून व्यवहारतः स्वतंत्र झाला. परंतु त्याच्या चांदीच्या रुपयावर स्वतःचे नाव आले काय? नाही! पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे तेथे मोगल बादशहाचेच नाव राहिले. तलवार निजामाची, टांकसाळ निजामाची, नाव मात्र दुसऱ्याचे.

याउलट, १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींनी सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवर देवनागरीत आपले नाव घातले. नाणे पाडणे हे सार्वभौमत्वाचे लक्षण आहे, याची त्यांना पूर्ण जाणीव होती. मात्र, सत्याला धरून हेही सांगितले पाहिजे की पुढे मराठ्यांच्या टांकसाळींतून निघालेल्या बहुतेक चांदीच्या रुपयांवरही बादशहाचेच नाव असे. सराफाच्या पेढीवर ओळखीचा ठसाच चाले. त्या बाजाराच्या सवयीपुढे रणांगणावरचे विजेतेही नमले.

१८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर दिल्लीचे तख्त नाहीसे झाले, तेव्हाच हैदराबादच्या रुपयावर पहिल्या आसफजाहाचे नाव उमटले. तोपर्यंत वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात गेला होता. ज्या साखरखेर्ड्याने ते राज्य मिळवून दिले, ते गावच आता निजामाच्या कारभारात उरले नव्हते.