माळ्यावरचा रुमाल



सावेडीस नवे घर बांधले की गावच्या वाड्याची वाटणी होते. भांडीकुंडी मोजून घेतली जातात. मोडी कागदांचा रुमाल मात्र रद्दीवाल्याच्या तराजूत पडतो. हे पाहून मन कष्टी होते. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो वाईस एका घरी सापडलेल्या जुन्या पत्रांवरून. पानिपतच्या काळची ती अस्सल पत्रे! ग्रँट डफची कित्येक विधाने त्यांपुढे लटकी पडली.

आपल्या रुमालात नुसता हिशेबच निघेल, असे कोणी म्हणेल. निघो बापडा. दुष्काळात सारा किती सुटला, विहीर कोणी खणली, हे अन्यत्र कोठे मिळणार? तारीख मात्र सहजी उमगत नाही. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर सन ११६१. पानिपतचा संग्राम जानेवारीतला, म्हणून त्यात ६०० मिळवावे, की १७६१ येते.

घड्या बळेच उलगडू नयेत, फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नये. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात असे हजारो कागद जतन झाले आहेत. आपला रुमाल आधी मोडी जाणणाऱ्यास दाखवावा. मालकी घरचीच राहील.