संकेतस्थळाचा उंबरठा

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याने निघाले, की थोड्याच अंतरावर सिलतरा लागते. स्पंज आयर्नचे आणि पोलादाचे कारखाने, त्यांची धुराडी, मालमोटारींची अखंड ये-जा. श्रोतेहो, अशा ठिकाणी नोकरीस असलेला एखादा मराठी माणूस आपण डोळ्यांसमोर आणू. जेवणाच्या सुट्टीत, रणरणत्या उन्हात, तो लहानशा मोबाइलवर गावाकडच्या कागदपत्रांविषयीची सूचना वाचू पाहतो. सूचना पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांत आहे. त्याचे डोळे उत्तम आहेत. तरीही त्याला काही दिसत नाही.

संकेतस्थळ सर्वांना वापरता यावे, असे म्हटले म्हणजे ती थोड्या अपंगांवर करावयाची दया, असा आपला समज असतो. सिलतऱ्याच्या उन्हातला हा माणूस तो समज खोटा ठरवतो. संकेतस्थळांच्या सुगमतेचे जागतिक नियम प्रथम १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २००८ च्या आवृत्तीत, नेहमीच्या आकाराची अक्षरे व त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान साडेचारास एक असावे, असे सांगितले आहे. नियम घातला मंददृष्टी वाचकासाठी. उपयोगी पडतो तो उन्हात उभ्या असलेल्या सर्वांनाच.

अंध वाचकाची अडचण याहून मोठी. तो संकेतस्थळ ऐकतो. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये आरंभिलेले ‘एनव्हीडीए’ हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचते आणि ते विनामूल्य मिळते. परंतु त्यासाठी अक्षरे ही अक्षरेच असावी लागतात. छापील कागदाचे नुसते छायाचित्र चढवले, तर यंत्राच्या लेखी ते केवळ चित्र. जुन्या मराठी फाँटांत तर आपल्याला ‘क’ दिसे, पण आत साठवलेले असे रोमन लिपीतले भलतेच चिन्ह. ऐकणाऱ्याच्या कानी निरर्थक बडबड पडे. युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक दिला, तेव्हा हा घोटाळा टाळण्याची वाट मोकळी झाली.

आता हा प्रश्न सौजन्याचा राहिलेला नाही. ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप करा, असे यंत्र सांगे. ॲसिड हल्ल्यात ज्यांचे डोळे गेले, त्यांनी ती कशी करावी? ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे गेली. अशा सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिला.

म्हणून संकेतस्थळ रचणाऱ्यांना एकच विनंती. चित्राखाली दोन ओळींचे वर्णन घाला, अर्जातील प्रत्येक रकान्याला नाव द्या, माउसला हात न लावता केवळ कळफलकावर अर्ज पुरा होतो का, ते पाहा. आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी एकदा डोळे मिटून आपले पान ऐका. जिथे तुम्ही अडखळाल, तिथेच कुणीतरी आजवर दाराबाहेर उभा होता.