शाळा समाजाची झाली पाहिजे

(कुंभवली येथे पालक व कार्यकर्ते यांच्यापुढे केलेले भाषण)



१९६९ साली तारापूरच्या अणुवीज केंद्रातून वीज मिळू लागली. पुढे येथे औद्योगिक वसाहत फोफावली. राष्ट्राच्या उभारणीत या परिसराने मोठा वाटा उचलला. परंतु याच परिसरातला एखादा मुलगा आठवी उत्तीर्ण होतो, वडील रात्रपाळीला असतात, आई घरकामाला जाते, आणि नववीत त्याची हजेरी थांबली तर कोणाला पत्ताही लागत नाही. मग तो कंत्राटदाराच्या दारात उभा राहतो. आज आपण विचार करायचा तो या मुलाचा.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे ठरविले. शाळेचा विकास आराखडा करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे. मात्र या कायद्याची हमी सहा ते चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच. शासकीय माध्यमिक शाळांसाठी २००९ च्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने स्वतंत्र समितीची योजना केली. २०१८ मध्ये ते अभियान समग्र शिक्षेत विलीन झाले. म्हणजे कागदावर अधिकार गावापर्यंत पोहोचले आहेत. प्रश्न असा की, अधिकार खाली आले म्हणून मुलाला गणित येऊ लागते काय?

उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. तेथील प्राथमिक शाळांच्या ग्राम शिक्षण समित्यांविषयी बहुतेक पालकांना माहितीच नव्हती. काही सदस्यांना तर आपण सदस्य आहोत हेही ठाऊक नव्हते! गावोगाव सभा घेऊन लोकांना त्यांचे अधिकार सांगितले, तरी शाळेत फारसा फरक पडला नाही. पण जेथे गावातल्याच तरुणांना मुलांना वाचन शिकविण्याचे प्रशिक्षण दिले, तेथे शाळेबाहेरच्या त्यांच्या वर्गांना येणारी मुले वाचू लागली. नुसत्या अधिकाराने जे साधले नाही, ते प्रत्यक्ष कामाने साधले.

बंधूंनो, हा विचार आपल्याला परका नाही. धर्मपालांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ब्रिटिशांच्याच कागदपत्रांतून दाखवून दिले की, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास प्रांतात गावोगाव शाळा होत्या आणि त्यांचा भार समाज वाहत होता. इतक्या दूर तरी कशाला जावे? आपल्याच जिल्ह्यात बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम आरंभिले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी वनवासी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. मुलाला दोष देण्याआधी त्यांनी त्याची अडचण पाहिली.

तीच दृष्टी आपल्याला हवी. समितीची सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली, तर पाळीवरचा कामगार येणार कसा? सभा रविवारी किंवा सायंकाळी घ्या. नववी-दहावीची हजेरी दर आठवड्याला पाहा. जो मुलगा तीन दिवस दिसला नाही, त्याच्या घरी दोघांनी जाऊन यावे. परप्रांतातून आलेल्या कुटुंबांनाही समितीत बोलवा. त्यांची मुले आपलीच आहेत. दोन खोल्यांच्या चाळीत अभ्यासाला जागा नसते, तेव्हा सायंकाळी एखादे सभागृह किंवा मंदिराचा मंडप उघडा. येथल्या कारखान्यांत अभियंते आहेत. त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी गणित आणि विज्ञान शिकवावे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. समिती म्हणजे शिक्षकांवर पहारा नव्हे, आणि राजकारणाचा आखाडा तर नव्हेच नव्हे. शिक्षक कोठे कमी पडतात हे अवश्य विचारावे, पण आधी 'आम्ही काय करू?' हे विचारावे. आणि कामाचे मोजमाप इतिवृत्ताच्या वहीने करू नये. नववीत आलेली किती मुले दहावीची परीक्षा देऊन बाहेर पडली, हाच आपला ताळेबंद.

शासन इमारत देईल, वेतन देईल. पण मुलगा शाळेत का आला नाही, हे विचारायला त्याच्या दारात शासन जाणार नाही. तेथे समाजालाच जावे लागेल. या सोमवारी आपल्यापैकी कोण जाणार, एवढे ठरवूनच आज आपण उठू या.

भारत माता की जय!